हिरूचं ब्रीद

"बाबा, सरक ना जरा!"

फ्रिज उघडायला वळलेली रविना पुन्हा एकदा हिरूवर आदळली. त्याच्या हातात तिच्या डब्याचं झाकण होतं. पाच मिनिटं तो ते धरून उभा होता, म्हणजे तिने मागितलं की लगेच देता यावं.

"झाकण," तो म्हणाला.

"ओट्यावर ठेव. मी घेते."

"आणि पडलं तर?"

"झाकण पडलं तर काय होतं, बाबा?"

तो एक पाऊल मागे झाला. डहाणू रोडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक पाऊल मागे म्हणजे बाथरूमचं दार, आणि नेमका त्याच वेळी जावई आंघोळ करून बाहेर येत होता. "सॉरी, मामा," सुनिल म्हणाला आणि अंग चोरून निघून गेला. तेवढ्यात रविनाने झाकण स्वतःच घेतलं होतं, डबा भरला होता आणि ती दाराशी पोचली होती. हिरू तिच्या मागे धावला. चपला त्याने आधीच दाराबाहेर तोंड करून लावून ठेवल्या होत्या. पाण्याची बाटली त्याच्या काखेत होती, रुमाल खिशात होता. जिन्यावरून तिच्या मागे मागे तो फाटकापर्यंत गेला, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गेला, आणि ती दवाखान्याच्या रस्त्याला वळून दिसेनाशी झाल्यावरच परत फिरला.

रविना त्याची एकुलती एक लेक. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. चैत्रात जयवंती, म्हणजे हिरूची बायको, तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा पाड्यावरच्या घराला कुलूप लावून रविनाच त्याला इकडे घेऊन आली होती. "दिवाळीपर्यंत राहा, बाबा. मग बघू," ती म्हणाली होती. त्या 'मग बघू'मध्ये हिरूचा जीव अडकला होता. दिवाळी आता पंधरा दिवसांवर आली होती आणि अजून कोणी काही बघितलं नव्हतं. त्याला पाड्यावर परत जायचं नव्हतं. तिथे संध्याकाळी चूल पेटवली तरी कुणासाठी पेटवायची, हा प्रश्न होता. रविनाने एकदाच 'राहा' म्हणावं एवढंच त्याला हवं होतं, आणि तिने ते म्हणावं म्हणून आपण तिच्या उपयोगी पडावं, हा त्याचा साधा हिशेब. मग झाकण धर, बाटली धर, ती पोळ्या करत असेल तर तिच्या पाठीशी उभा राहा, ती केस विंचरत असेल तर हातात क्लिप घेऊन उभा राहा. दिवसभर हेच चालायचं.

त्या दिवशी संध्याकाळी रविना गॅलरीत फोनवर बोलत होती. पलीकडे तिच्याबरोबर काम करणारी केरळची मैत्रीण होती. दोघींचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. हिरू आत, पडद्यामागे, दोरीवरचे वाळलेले कपडे घड्या घालत उभा होता. चोरून ऐकायचं असं त्याच्या मनात नव्हतं. पण इंग्रजी कानावर आलं की हिरूचे कान आपोआप टवकारायचे.

त्याचं असं की हिरूने तीस वर्षं आश्रमशाळेत शिपायाची नोकरी केली होती. चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस रोज हातात घंटेची हातोडी घेऊन आठवीच्या वर्गाबाहेर बाकड्यावर बसायचा. आत निर्मला बाई इंग्रजी शिकवायच्या. बसल्या बसल्या जे कानात पडलं ते हिरूने कधी सांडू दिलं नाही. एखादा शब्द अडला, तर मधल्या सुट्टीत बाईंना गाठून अर्थ विचारायचा. पाड्यावर लोक त्याला चेष्टेने 'इंग्लिश हिरू' म्हणायचे, आणि ते चेष्टेने म्हणतात हे कळत असूनही त्याला ते आवडायचं.

तर गॅलरीतून रविनाचा आवाज आला. "बाबा इज ऑलवेज हॉवरिंग, यार. आय कान्ट ब्रीद!"

हिरूच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

हॉवर! हा शब्द त्याचा होता. एकदा धडा शिकवताना निर्मला बाईंनी पोरांना व्हरांड्यात आणलं होतं. समोरच्या भाताच्या खाचरावर एक कापशी घार हवेत एकाच जागी पंख मारत थांबली होती. पडत नव्हती, पुढे जात नव्हती, नजर खाली जमिनीवर. "बघा, दिस इज हॉवर," बाई म्हणाल्या होत्या. पोरांच्या मागे उभा राहून हिरूनेही बघितलं, आणि बघता बघता घंटा द्यायची विसरला. हेडमास्तरांच्या शिव्या खाल्ल्या, पण शब्द पक्का झाला.

'ब्रीद' तर त्याच्या हातातलंच होतं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'शिकू आणि शिकवू, हेच आमचे ब्रीद' असं लिहिलेलं होतं. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या आधी शिडीवर चढून, निळ्या ऑइलपेंटने ती अक्षरं गिरवायचं काम हिरूचं. एवढं मोठं अक्षर एवढी वर्षं गिरवल्यावर त्याचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ब्रीद म्हणजे माणसाने घेतलेलं व्रत.

आता राहिलं 'कान्ट'. ते तर बालवाडीतल्या पोरालाही येतं. कान्ट म्हणजे जमत नाही.

हिरूने उशीची खोळ छातीशी धरली आणि वाक्य जुळवलं. बाबा सदोदित माझ्यावर कापशीसारखा पंख धरून असतो. असलं ब्रीद पाळायला मला नाही जमायचं.

त्याचे डोळे भरून आले. पोर तोंडावर कधी बोलली नाही, पण मैत्रिणीला सांगते! कापशी उंदरासाठी तरंगते, पिलासाठी नव्हे, ही बारीक गोष्ट त्याने सोयीने सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने ही बातमी जवळ ठेवली असती तर तो हिरू कसला! स्टेशनाबाहेर चिकू विकायला बसणारी बायजी त्याच्याच पाड्याकडची. तिच्या टोपलीपाशी तो उकिडवा बसला.

"बायजी, हॉवर म्हायती हाय का?"

"खायाचं काय ते?"

"खायाचं नाय गो. इंग्रजी हाय. आपली रविना मला बोलते, बाबा हॉवर करतो. म्हंजी जीव लावून लक्ष ठेवतो."

"बरा हाय तू," बायजी एका गिऱ्हाइकाला चिकू निवडून देत म्हणाली. "पोर तुझ्यावर चांगलं बोलते. माझा पांड्या माझ्याशी बोलतच नाय."

हिरूला तिच्यासाठी वाईट वाटलं आणि स्वतःसाठी फार बरं वाटलं. संध्याकाळी त्याने सुनिललाही सांगून टाकलं. सुनिलने मोबाइलवरून मान वर केली, काही क्षण सासऱ्याकडे बघत राहिला, आणि "हां... हो, मामा," असं म्हणून दूध आणायला बाहेर पडला. दूध घरात होतं.

त्या शब्दाने हिरूच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला. आधी तो फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत जायचा, आता तो दुपारी दवाखान्यापर्यंत जाऊ लागला. ताकाची बाटली घेऊन पायरीवर उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी रविना खाली आली तेव्हा तिच्या हातात अजून रबरी हातमोजे होते.

"बाबा, इथं नको येत जाऊ."

"ऊन नाय लागत मला."

"उन्हाचं नाही रे. पेशंट असतात, डॉक्टर बोलतात. तू घरी आराम कर ना." ती हळू आवाजात बोलत होती. हिरूला तो हळू आवाज तेवढा ऐकू आला.

त्याच आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी त्याला एका कागदावर शाळेचा शिक्का हवा होता. आशागडवरून जाणाऱ्या जीपने तो शाळेत गेला. काम पाच मिनिटांत झालं. पण त्याला खरं तर निर्मला बाईंना भेटायचं होतं. बाई आता केस पिकून निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी त्याला शिक्षकखोलीतल्या खुर्चीवर बसायला लावलं. तीस वर्षं त्या खुर्च्या पुसलेल्या, पण त्यांच्यावर तो कधी टेकला नव्हता. तो कडेकडेला बसला.

"बाई, तुमचा शब्द लागला बघा कामाला."

"कुठला हो, हिरूभाऊ?"

"हॉवर. कापशीवाला." आणि त्याने सगळं सांगितलं, झाकणापासून गॅलरीपर्यंत. रविना याच शाळेत, याच बाईंच्या हाताखाली शिकलेली. आपल्या पोरीला इंग्रजी आलंच पाहिजे म्हणून शाळा सुटल्यावर तिला तासभर जास्त शिकवा, अशी गळ हिरूनेच बाईंना घातली होती. बाई हसत ऐकत होत्या.

"पूर्ण वाक्य काय होतं? आठवतंय?"

हिरू खुर्चीवरून उठून उभा राहिला. पोरं उभी राहायची तसा हात शरीराला लावून त्याने वाक्य म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकला नाही.

बाईंचा हात वहीवर होता तो तिथेच थांबला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "बसा."

आता तीस वर्षं हिरू ज्या दाराबाहेर बसला होता त्या दारातून त्याने हे दोन शब्द शेकडो वेळा ऐकले होते. एखादं गरीब, घाबरट पोर चुकीचं उत्तर द्यायचं, तेव्हा बाई त्याला असंच म्हणायच्या. हुशार पोर चुकलं तर त्या रागवायच्या. हिरू खाली बसला नाही.

"बाई, चुकलं काय?"

"नाही हो. चुकलं काय त्यात."

"मी काय आठवीतला पोर नाय, बाई. सांगा."

बाईंनी वही मिटली. खिडकीबाहेर बघितलं, मग त्याच्याकडे. "एका शब्दाचे तीन-चार अर्थ असतात, हिरूभाऊ. मी त्या दिवशी पक्ष्याचा सांगितला. माणसाबद्दल बोलताना हॉवर म्हणजे... आसपास राहणं. सारखं जवळ."

"तसाच राहतो मी."

"घुटमळणं," बाई अगदी हळू म्हणाल्या. "आणि कुणी ना इकडचा ना तिकडचा असा मध्येच लटकलेला असला, तरी हाच शब्द वापरतात."

हिरूने मान हलवली. घुटमळणं. दवाखान्याच्या पायरीवर ताकाची बाटली घेऊन उभा असलेला म्हातारा त्याला स्वतःलाच दिसला. लाज वाटली. पण अजून एक शब्द शिल्लक होता, आणि त्या शब्दावर त्याचा भरवसा होता.

"आणि ब्रीद? ते तर आपल्या भिंतीवरचंच ना?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मराठी झालं, हिरूभाऊ. इंग्रजीत ब्रीद म्हणजे श्वास घेणं."

पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. 'कान्ट' त्याला येत होतं.

बाहेर तासाची घंटा झाली. नवा शिपाई फार घाईने टोले देत होता.

"अहो, मुलं बोलून जातात," बाई म्हणाल्या. "दमलेली असतात. त्यांच्या मनात तसं नसतं."

"मनात नसतं तर मैत्रिणीला कशाला सांगेल, बाई?" तो रागाने बोलत नव्हता. "तिची चूक नाय. शब्द बरोबर लावलाय तिने. तुम्ही चांगलं शिकवलं."

एवढं बोलून त्याने कागद पिशवीत घातला, बाईंना नमस्कार केला आणि निघाला. जीपमध्ये त्याला एकच गोष्ट डाचत राहिली. पोरीने इंग्रजी शिकावं म्हणून आपण बाईंच्या पाया पडलो होतो, तिचं बोलणं मोठ्या लोकांना कळावं म्हणून. आपल्यालाही ते एक दिवस कळेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी रविनाने डबा भरला आणि सवयीने हात मागे केला. झाकण हातात आलं नाही. ते ओट्यावर होतं. हिरू गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"बाबा, बरं नाही का तुला?"

"बरा हाय. जा तू."

ती दोन वेळा वळून बघत गेली. त्या दिवशी तो खुर्चीवरून उठला तो जेवायला आणि झोपायला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी रविनाला सुट्टी होती. ती सकाळी भांडी घासत होती, कोणी पाठीशी उभं नव्हतं, आणि घासता घासता ती गुणगुणायला लागली. कसलं गाणं होतं ते हिरूला कळलं नाही. पण सहा महिने तो या घरात होता आणि पोर गुणगुणते हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं. लहानपणी विहिरीवरून येताना ती अशीच गुणगुणत यायची. त्याला त्या गुणगुणण्याचा राग नाही आला. आपण सहा महिने ते बंद करून ठेवलं होतं, हे त्याला सोसेना.

दुपारी जेवताना त्याने विषय काढला. "भात कापणीला आलं असंल. हाल्या एकटा काय काय करंल? उद्या जातो मी."

हाल्या म्हणजे त्याचा चुलतभाऊ, त्याने हिरूचं खाचर यंदा लावलं होतं, आणि तो एकटा अजिबात नव्हता, त्याला तीन मुलगे होते. हे रविनालाही ठाऊक होतं.

"दिवाळी झाल्यावर जा ना."

"दिवाळीपर्यंतच बोललेलीस तू."

"तसं नव्हतं रे म्हणायचं मला." तिचा घास हातातच राहिला. "सुनिल काय बोलला का तुला?"

"छे गो. तो बिचारा काय बोलतो?"

"मग?"

"माझं घर हाय तिकडं. बंद घराला वाळवी लागते."

रविनाचे खांदे किंचित खाली आले, दिवसभराची ड्युटी संपवून बूट काढताना येतात तसे. क्षणभरच. हिरूने ते पाहिलं आणि वाटीतली आमटी भाकरीवर ओतून घेतली. 'राहा' या शब्दाची त्याने इतके महिने वाट पाहिली होती. आता ती वाट पाहणं संपलं, हेही एक बरंच झालं, असं त्याने स्वतःला सांगितलं. ते त्याला पटलं नाही.

सकाळी ती त्याला जीपच्या थांब्यावर सोडायला आली. सुनिल कामावर गेला होता, जाताना त्याने सासऱ्याच्या पाया पडून एक नवीन स्वेटर हातात दिला होता. तलासरीकडे जाणारी जीप उभी होती, पण एक सीट रिकामी होती, आणि सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही. हिरू मधल्या रांगेत खिडकीशी बसला. चालक लक्ष्या बाहेर उभा राहून "तलासरी, तलासरी, एक सीट!" असं ओरडत होता.

"पाणी घेतलंस?" रविनाने खिडकीतून विचारलं.

"घेतलं."

"प्रेशरची गोळी?"

"हाय खिशात. जा तू. आठला ड्युटी हाय ना?"

"जाते." ती गेली नाही. चार पावलं गेली, दुकानातून बिस्किटांचा पुडा घेऊन परत आली. तो पुडा तिने खिडकीतून आत दिला. मग काचेवरची धूळ ओढणीच्या टोकाने पुसत राहिली. आठला दहा मिनिटं उरली होती.

"बाबा."

"हां."

"त्या दिवशी मी गॅलरीत फोनवर बोलत होते ना... तू आत होतास का?"

हिरूने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिच्या हातून काही सांडलं-फुटलं की लहानपणी ती अशीच समोर येऊन उभी राहायची.

"असंल," तो म्हणाला. "तुझं ते केरळवालीशी इंग्रजी चालू होतं. मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळतं रे बाबा. इंग्लिश हिरू ना तू?"

"ते लोक मस्करी करायचे गो. मला घंटा वाजवाया येते फक्त. इंग्रजी-बिंग्रजी काय नाय येत." तो हसला. मागच्या सीटवरचा माणूसही हसला. आयुष्यात पहिल्यांदा हिरूने हे कबूल केलं होतं, आणि ते खोटं होतं.

रविनाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिने खिडकीतून हात घालून त्याचा हात धरला आणि सोडला नाही. आठला पाच मिनिटं उरली होती. लक्ष्या अजून ओरडतच होता, आणि थांब्यावर तलासरीला जाणारं दुसरं कोणी दिसत नव्हतं.

हिरूने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि खिशात घातला. "लक्ष्या, त्या सीटचे पैसे माझ्याकडून घे. काढ गाडी."

"घाई काय हाय, मामा? येईल कोणीतरी."

"तिला ड्युटी हाय," हिरू म्हणाला.

लक्ष्याने एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघितलं, पैसे घेतले आणि गाडी चालू केली. गाडी हलली तसा हिरूने मान बाहेर काढून रविनाला दवाखान्याच्या दिशेने जायची खूण केली. मग मान आत घेतली. शेजारची सीट रिकामी होती, तिचे पैसेही भरलेले होते. तरी हिरूने पिशवी तिथे ठेवली नाही. ती मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून तो बसून राहिला.